मोरीत धुतलेला मूकपट

नवी सून म्हणून घरात आले तेव्हा मी इतकी कामसू होते, की सासऱ्यांनी काढलेल्या मूकपटाचं उरलेलं एकुलतं एक रीळ मी मोरीत बसून धुण्याच्या सोड्याने धुतलं. कुबट वास येत होता, हाताला चिकटत होतं. मग दुसरं काय करणार? अक्कल माझी!

आज दवाखान्यात आवाज बंद केलेल्या टीव्हीवर एक बाई हमसाहमशी रडत होती आणि समोरची माणसं आपला नंबर कधी लागतो ते बघत होती. मला मामंजी आठवले. ते नटीला रडूच द्यायचे नाहीत. त्यांच्या त्या मूकपटात मुलगा गेल्याची तार आली, की आईने पाठ फिरवायची आणि दोरीवरचा त्याचा सदरा काढून हळूहळू घडी घालायची, बस्स. तिथे थिएटरात पडद्यापुढे बसून साथ करणाऱ्या पेटीवाल्याचेही हात थांबायचे, असं ते सांगत. ते थिएटर गेलं, पेटीवाला गेला, तिथे रडलेली माणसंही गेली. एवढ्या कसबी माणसाचं उरलं काय, तर माझ्यासारख्या म्हातारीची ही ऐकीव गोष्ट. तीही आता माझ्याबरोबरच संपायची.

त्या दिवशी मी तोऱ्यात म्हणाले होते, "मामंजी, बघा तरी, कसं लख्ख निघालं!"

त्यांनी ती पट्टी उजेडात धरली. तिच्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती. मग हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, धुण्याआधी एकदा तरी तिच्याकडे पाहिलंस का गं?"