खोकल्याएवढी जागा

आज जुन्या वहीची शिवण उसवली म्हणून पाठ चिकटवायला खळ शिजवली, आणि तिच्या आंबूस वासासरशी मी मनाने जुन्नरमधल्या एका ओसरीवर जाऊन बसले. समोर तमाशाची गाणी रचणारे चाचा होते. घराण्याचा धंदा हातकागदाचा, ओसरीभर कागदाला लावायच्या खळीचा हाच वास; पण स्वतःचे एकही गाणे त्यांनी कागदावर उतरवले नव्हते. इतकी गाणी ध्यानात राहतात कशी, हे विचारायला मी गेले होते.

मी वही उघडताच ते हसले. “ठेवा ती, ताई. लिवलं की माणूस इसरायला मोकळा व्हतो.”

मग पत्नीच्या माघारी रचलेली, कुणालाही न ऐकवलेली एक ओळ त्यांनी गायली. मध्येच खोकला आला. तो ओसरल्यावर उरलेली ओळ पुरी केली.

“आता ही दोघांकडं हाय. जपा बरं का.”

मी वही मिटली. तेव्हा तो मला मान वाटला होता.

चाचा गेले. दोघांतली मी एकटी उरले. समोर खळ निवते आहे आणि मी गुणगुणते आहे. चाल सगळी येते, शब्द एकही येत नाही. फक्त त्यांना जिथे खोकला आला होता, तिथे मी अजूनही थांबते.