आतलं माप की बाहेरचं?

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात पडद्यावरच्या तारखा तपासत बसले होते. गेली दोन वर्षं आमच्याकडे सगळे हेच करतात. कुणा परदेशी कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोन आकडे शोधायचे आणि त्यांचे चार करायचे, म्हणजे सन दोन हजार उजाडल्यावर संगणक गोंधळणार नाही. फोनवर अक्काचे धाकटे भाऊ श्रीधरअण्णा होते. "अक्का गेली," ते म्हणाले. "बाराला नेतोय. जमलं तर या." मी येते म्हणाले. पण साडेअकराला परदेशातून फोन यायचा होता, तो लांबला, आणि मी स्मशानात पोचले तेव्हा माणसं नळावर हातपाय धूत होती. श्रीधरअण्णांनी मला पाहिलं. "बरं झालं आलात," एवढंच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

पद्माअक्का माझी कुणी नात्याची नव्हती. मी नागपूरची, नोकरीसाठी बंगळूरला आलेली. तिचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन चिकपेटच्या गल्लीत स्थिरावलेलं. तिच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं आणि माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी, त्यामुळे सुरुवातीला आम्ही दोघी एकमेकींना हळूहळू, तोडून तोडून बोलायचो. पहिल्या दिवशी मी तिला "अहो" म्हणाले तर ती हसली. "अक्काला कोण अहो म्हणतं गं? तू म्हण." तेव्हापासून तू.

ती आमच्याकडे आली ती एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअरमधली बावीस वर्षांची नोकरी स्वेच्छानिवृत्तीत सोडून. आमची कंपनी अकरा माणसांची, जयनगरात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. काम मिळालं होतं ते असं : शहरातला एक बडा यंत्र-कारखाना आनेकलच्या बाजूच्या चाळीसेक छोट्या वर्कशॉपांकडून सुटे भाग करून घ्यायचा. मागणी कागदावर जायची, हरवायची, चुकायची. आता कारखान्याच्या संगणकाने इंटरनेटवरून मागणी पाठवावी आणि वर्कशॉपच्या संगणकाने मध्ये माणूस न येता ती समजून घ्यावी, असं ठरलं. आम्हा पोरापोरींना मोडेम जोडता येत होते, नट-बोल्टातलं काही कळत नव्हतं. म्हणून आमचे साहेब प्रकाश यांनी सुट्या भागांचं जाणणारं माणूस शोधलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "कम्प्यूटर येतो का?" अक्का म्हणाली, "नाही सर. तुमच्या कम्प्यूटरला बुश येतो का?"

बुश म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसवायची पोकळ नळी. दुसऱ्याच दिवशी तिने पिशवीतून तसल्या तीन नळ्या काढून माझ्या टेबलावर उभ्या केल्या. तिन्ही हुबेहूब सारख्या. "ह्याला आमच्या कारखान्यात बुश म्हणायचे. तुमचा हा बडा कारखाना स्लीव्ह म्हणतो. आनेकलला एक वर्कशॉपवाले आहेत, ते बुशिंग म्हणतात. हे झालं नावाचं. आता माप. नळीची जाडी ठरलेली, म्हणून सगळे एकच आकडा लिहितात. पंचवीस. पण कुठलं पंचवीस? आतलं माप की बाहेरचं?" तिने एक नळी उचलून माझ्यासमोर धरली. "हा कम्प्यूटर पंचवीस म्हणाला, तो कम्प्यूटर पंचवीस समजला. दोघंही खूश. आणि माल भंगारात." बावीस वर्षं तिने कारखान्याच्या मागच्या आवारात हे भंगार साठताना पाहिलं होतं. माल चांगला, कारागिरी चांगली, फक्त सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा अर्थ वेगळा.

त्या टेबलापाशी आमचं काम बदललं. नुसते शब्द आणि आकडे पाठवून भागणार नव्हतं, त्यांच्याबरोबर अर्थही पाठवायला हवा होता. कुठल्या गोष्टीचा कुठल्या गोष्टीशी काय संबंध, हे संगणकाला एकदा नीट सांगून ठेवायचं, मग ज्याने त्याने आपापली भाषा बोलावी. अक्का याला सोयरीक म्हणायची. एखादा भाग हातात घ्यायची आणि वर्कशॉपवाल्याला विचारायची, "हा त्याचा कोण लागतो?" ती विचारायची, वहीत कन्नडमध्ये लिहायची, आणि ऑफिसात परतल्यावर मी त्याचे नियम करायचे. स्लीव्ह हा बुशचाच प्रकार. बुशला दोन मापं. माप सांगताना कुठलं ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर मागणी पुढे सरकणार नाही.

दीड वर्ष आम्ही आठवड्यातून दोनदा आनेकलच्या बसने गेलो. मार्केटला बस पकडायची, खिडकीची जागा अक्काची. चाळीस वर्कशॉपं, चाळीस तऱ्हा. एक जण चिडून म्हणाला, "अक्का, साइज म्हणजे साइज! एवढं काय त्यात?" ती म्हणाली, "सरी, ठीक आहे अण्णा. मग ह्या तुमच्या मुलाला विचारूया." शेजारीच त्यांचा जाणता मुलगा मशिनवर होता. बापाने आतलं माप सांगितलं, मुलाने बाहेरचं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि अक्का मात्र हसली नाही, तिने ते लिहून घेतलं. दुपारी कुठेतरी सावलीला बसून आम्ही तिच्या डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, खायचो. पहिला घास घेण्याआधी ती मला दरवेळी विचारायची, लिंबू जास्त झालं का. कधीच झालेलं नसायचं.

श्रीधरअण्णांचं वर्कशॉप त्या चाळीसांतलंच एक. धातू कातायची दोन लेथ, तीन कामगार, पत्र्याचं छप्पर. बहीण कंपनीची माणूस म्हणून आली की ते तिला खुर्ची पुसून द्यायचे आणि ती रागवायची. पहिली चाचणी त्यांच्याकडे घ्यायची ठरली. त्या दिवशी कारखान्याचे एक अधिकारी, प्रकाश सर, आम्ही सगळे त्या पत्र्याखाली दाटीने उभे होतो. मोडेम किरकिरला. कारखान्याने स्लीव्ह मागितली होती, बाहेरचं माप देऊन. अण्णांच्या पडद्यावर ती बुश म्हणून उमटली, आतलं माप हिशेबाने काढून, कन्नडमध्ये. दुसरी मागणी मुद्दाम अर्धवट पाठवली होती. पडद्यावर प्रश्न आला : आतलं माप की बाहेरचं? यंत्राने आपणहून विचारलं... अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. "विचारलं गं त्याने," ती मला म्हणाली. मी तिला इतकं आनंदात आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

अधिकाऱ्यांनी म्हैसूरपाक खाल्ला आणि परतताना गाडीत प्रकाश सरांना हिंदीत सांगितलं, "बहुत अच्छा है. लेकिन हम चालीस लोगों की भाषा क्यों समझें? वो चालीस हमारे कोड सीख लें." मी मागच्या सीटवर होते. अक्का बसने येणार होती, म्हणून तिने ते ऐकलं नाही. मीही ते तिला सांगितलं नाही.

महिन्याने काम थांबलं. तारखांची कामं परदेशातून ढिगाने येत होती आणि प्रकाश सरांना माणसं तिकडे हवी होती. त्यांनी मला बोलावून समारोपाची टिपणी लिहायला सांगितली. मी लिहिली : तांत्रिकदृष्ट्या शक्य, व्यवहारात गरज नाही. खाली सही केली. मला परदेशी कामाच्या गटाची प्रमुख करणार होते, हेही इथे सांगायला हवं. मग कारखान्याला हवा होता तो साधा तक्ता मीच दीड महिन्यात करून दिला. डाव्या बाजूला वर्कशॉपचं नाव, उजव्या बाजूला कारखान्याचा कोड. अक्का माझ्या खुर्चीमागे उभी राहून तो बघत होती.

"ह्यात आतलं-बाहेरचं कुठे लिहिलंय?"

"त्याला रकानाच नाही, अक्का."

"मग विचारणार कोण?"

"कुणी विचारायचं नाही. कोड जुळला की झालं."

शनिवारी तिने ड्रॉवर रिकामा केला, सगळ्यांना "येते" म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिला कुणी काढलं नव्हतं. पण तिला द्यायला काम उरलं नव्हतं.

आठ महिन्यांनी श्रीधरअण्णांचा माल परत आला. ट्रकभर बुश, एकूणएक चुकीच्या मापाचे. कोड बरोबर होता, आकडा बरोबर होता. कारखान्याचा आकडा बाहेरच्या मापाचा, अण्णांनी वाचला आतल्या मापाचा. मी तक्ता उघडून ती ओळ शोधली. ती मीच लिहिलेली होती, आणि लिहिताना एक क्षण थांबलेही होते, तेही मला आठवलं. अण्णांचे कामगार गेले, मग एक लेथ गेलं, मग दुसरं. आता ते एका खोक्यांच्या कारखान्यात पाळीने काम करतात.

मी चिकपेटला तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं, गाडीतल्या हिंदी वाक्यासकट. तिने कॉफी केली. कप माझ्या हातात दिला आणि समोर बसली. खाली गल्लीत साड्यांचे गठ्ठे उतरत होते, हमाल ओरडत होते. "तू मुद्दाम नाही केलंस," ती म्हणाली. मला रडू आलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पण मी तुला विचारलं होतं ना गं..." त्यानंतर आम्ही कॉफी संपवली.

पुढे ती एकटीच आनेकलला जाऊ लागली. कुणी पाठवलेलं नसताना. वर्कशॉपांत जाऊन मागणीच्या कागदांवर पेनाने आतलं, बाहेरचं असं लिहून द्यायची. काही जण चहा पाजायचे, काही जण दारातूनच वाटेला लावायचे. एका बस स्टॉपवर तिला चक्कर आली, तपासण्या झाल्या, मूत्रपिंडं निकामी होत आली होती. मी इस्पितळात तीनदा गेले. शेवटच्या वेळी, काहीतरी चांगलं सांगावं म्हणून, मी तिला सांगितलं की बाहेर देशात आता मोठी माणसं हेच म्हणू लागली आहेत : वेबवर नुसती पानं नकोत, त्यांचा अर्थही यंत्राला कळला पाहिजे, मग धंदे एकमेकांशी आपोआप बोलतील. "आपण करत होतो तेच, अक्का." तिने डोळे मिटलेलेच ठेवले. "करू देत," ती म्हणाली. "चांगलं आहे." मग, "श्रीधरचं लेथ त्यात परत येतं का?" मी नाही म्हणाले. "सरी," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. मी तिच्या पाठीकडे बघत थोडा वेळ बसले आणि निघाले.

गेल्या रविवारी मी चिकपेटला तिच्या भाड्याच्या खोलीवर गेले. महिनाअखेर ती रिकामी करून द्यायची आहे, खालच्या दुकानदाराला साड्यांची खोकी ठेवायला हवी आहे. श्रीधरअण्णा भांडी पोत्यात भरत होते. खिडकीशी एक बुटकं लाकडी मेज आहे. त्यावर कार्बन कागद आणि पत्रांच्या प्रतींचा गठ्ठा होता. अक्का वर्षभर दर सोमवारी त्या कारखान्याला पत्र लिहीत होती, हे मला तेव्हा कळलं. शब्दकोशातून शोधलेलं इंग्रजी, एकच विनंती : तक्त्यात आणखी एक रकाना घालावा. अण्णांनी मला एक बंद पाकीट दिलं. "परवा आलं. कारखान्याचं आहे. मला इंग्रजी पत्र नीट लागत नाही. तुम्ही वाचता?"

मी वाचलं. छापील कागद होता, नाव हाताने भरलेलं. आपल्या पत्रावर पुरवठादार कोड नसल्यामुळे त्याची नोंद होऊ शकत नाही, योग्य कोडसह पुन्हा अर्ज करावा.

"काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं. त्यांचे हात भांड्यांच्या राखेने भरलेले होते.

मी म्हणाले, "रकाना घालतो म्हणतात."

ते उभे राहिले. त्यांनी हात धोतराला पुसले, पत्र घेतलं, त्यातल्या अक्काच्या नावावरून बोट फिरवलं. "बघा," ते म्हणाले. "स्वल्प आधी आलं असतं..." आणि त्यांनी ते पत्र भिंतीवरच्या तिच्या फोटोमागे, चौकटीत नीट खोचून ठेवलं. इकडच्या जुन्या घरांत मराठी बोलतात, पण शिक्षण कन्नडमध्ये झालेलं असतं. श्रीधरअण्णांना देवनागरी वाचता येत नाही. म्हणून पत्रातलं खरं इथे लिहिलं.