मंदाताईंची नववी

फोन आला तेव्हा मी नववीच्या प्रवेशाच्या टेबलाशी बसले होते. वीज गेलेली होती, एप्रिलचं ऊन खिडकीतून थेट पाठीवर येत होतं आणि समोर एक आई मुलीचा हात घट्ट धरून उभी होती. फोन श्रीधरभाऊंचा होता, मंदाताईंच्या धाकट्या भावाचा. शाळेच्या वेळात ते कधी फोन करत नाहीत. "अलका, ताई गेली," ते म्हणाले. "सकाळी दुर्गाघाटाच्या गल्लीत कुणाकडे तरी जाऊन आली. दम लागलाय, जरा पडते म्हणाली... मी पाणी घेऊन गेलो तर..." मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. समोरच्या बाईला काय कळलं कोण जाणे. तिनं हळूच विचारलं, "बहिनजी, इसका हो जाएगा न?" मी तिला बसायला सांगितलं. तिच्या मुलीचा प्रवेश पूर्ण केला आणि मगच उठले. त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही.

मंदाताई काशीत जन्मल्या, काशीतच वाढल्या. त्यांच्या घराण्यातल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या बालाजी घाटाजवळ पाठशाळेत शिकवलं. मंदाताईंनी मात्र गल्लीतल्या एका लहानशा मुलींच्या शाळेत आठवीला गणित शिकवलं. त्यांनी लग्न केलं नाही. मी नाशिकची. लग्न होऊन इथे आले, नवऱ्याची बँकेतली नोकरी आणि सासरच्यांची मराठी, दोन्हींची सवय व्हायला वेळ लागला. इथली मराठी घरातच बोलली जाते आणि तिच्यात निम्मी हिंदी असते. मंदाताईंची तर फारच. "तू परेशान नको होऊ" हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी बाजारात वाट चुकले होते आणि रडण्याच्या बेतात होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, घरापर्यंत आणून सोडलं आणि वाटेत प्रत्येक वळणावर थांबून खूण दाखवली. पुढे मी एका इंटर कॉलेजात शिकवायला लागले. इकडे नववी ते बारावीच्या शाळेला कॉलेजच म्हणतात आणि दहावीच्या परीक्षेला हायस्कूल. मला नववी मिळाली. मंदाताईंना याचा इतका आनंद झाला की मला समजेना. मग कळलं. त्यांची शाळा आठवीला संपायची आणि पुढे मुली आमच्याकडे यायच्या. निदान यायला हव्या होत्या.

सगळ्या येत नसत. ज्या येत, त्यांतल्याही काही दिवाळीपर्यंत दिसेनाशा होत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर फारशी चर्चा होत नसे. घरच्यांना शिकवायचं नसेल, लग्न ठरलं असेल, असं म्हणून हजेरीत रेघ ओढली जाई. मंदाताईंना ते पटत नसे. "भरती झाली म्हणजे काम झालं असं वाटतं सगळ्यांना," त्या म्हणत. "अगं, खरी परेशानी तर तिथून सुरू होते. आमच्याकडे वर्गात मूठभर पोरी. सकाळी एखादी आली नाही तर शेजारच्या घरात हाक मारली की कळतं. तुमच्याकडे ती आली काय, न आली काय..." खरंच माझ्या वर्गात मुली बाकावर दाटीवाटीनं बसत आणि पहिला महिनाभर मला त्यांचे चेहरे वेगळे ओळखू येत नसत.

पूनमची गोष्ट त्याच काळातली. तिचे वडील रामअवध देवांचे कपडे शिवायचे. बाळकृष्णाचे इवलेसे अंगरखे, बोटभर पगड्या, त्यांवर टिकल्या आणि गोटा, म्हणजे जरीची किनार. घर म्हणजे दुर्गाघाटाच्या मागे एक खोली, तिच्यातच शिलाईचं मशीन. पूनम मंदाताईंची लाडकी होती, कारण ती गणित तोंडातल्या तोंडात सोडवायची आणि उत्तर सांगायला मात्र लाजायची. आठवीनंतर ती आमच्याकडे आली. माझ्या वर्गात नव्हती, दुसऱ्या तुकडीत होती. सप्टेंबरात एका संध्याकाळी मंदाताई माझ्याकडे आल्या, चहा न घेता बसल्या आणि म्हणाल्या, "पूनम शाळेत येते का, बघून सांग." मी दुसऱ्या दिवशी त्या तुकडीच्या बाईंना विचारलं. पूनम जुलैपासूनच येत नव्हती.

घरी विचारलं तर तिची आई म्हणाली, रोज जाते की. वेणी घालते, डबा घेते, युनिफॉर्म घालून निघते आणि दुपारी परत येते. मंदाताईंनी तिथे काहीच सांगितलं नाही. बाहेर आल्यावर त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे तेव्हापासूनच दुखत होते. "ही पोर दिवसभर असते कुठे गं..." एवढंच म्हणाल्या.

त्यांना ती सापडली मुन्शी घाटावर. घरापासून लांब, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा जागी. एका नावाड्यानं सांगितलं होतं की, शाळेच्या कपड्यातली एक मुलगी रोज तिथे बसलेली असते. मी त्या दिवशी रजा काढून मंदाताईंबरोबर गेले होते. पूनम पायरीवर दप्तर मांडीत घेऊन बसली होती. आम्हाला पाहून ती उठली नाही, पळालीही नाही. मला वाटलं होतं मंदाताई रागावतील. त्या कण्हत तिच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "खाना खा लिया?" पूनमनं मान हलवली. डबा उघडलाच नव्हता. मंदाताईंनी तो उघडला, पुरीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला आणि एक स्वतः खाल्ला. तेव्हा कुठे ती बोलायला लागली.

कारण इतकं लहान होतं की मला आधी खरंच वाटेना. इथे वर्ग एप्रिलातच सुरू होतात; उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जुलैत शाळा पुन्हा उघडली तेव्हा तुकड्या बदलल्या होत्या. नव्या तुकड्यांची यादी फळ्यावर लावली होती, पण ती कुठे लावली हे पूनमला कळलं नाही. ती जुन्याच वर्गात जाऊन बसत राहिली. काही दिवसांनी एका बाईंनी हजेरी घेताना विचारलं, तू कोण, इथे कशी, आणि सगळा वर्ग हसला. "बाहर जाओ, अपनी क्लास ढूँढो," असं सांगितलं गेलं. ती बाहेर आली. व्हरांड्यात सारखीच दारं, प्रत्येक दाराआड मुली. कुठल्या दारात जाऊन विचारायचं? ती जिन्याशी उभी राहिली, घंटा झाली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत आली आणि तिथूनच वळली. "फिर रोज सोचा कल जाऊँगी," ती म्हणाली. घरी सांगितलं तर बाबू, म्हणजे वडील, शाळाच बंद करतील, अशी तिला भीती होती.

ती भीती खोटी नव्हती. आम्ही तिघी घरी गेलो तेव्हा रामअवध एका पगडीला गोटा लावत होते. मंदाताईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रामअवधनी सुई थांबवली नाही. आई रडायला लागली. मग ते म्हणाले, "तो अब घर बैठे। यहाँ काम बहुत है।" मी काहीतरी बोलायला गेले, मुलीच्या भविष्याबद्दल, शिक्षणाबद्दल, आपण अशा वेळी बोलतो तसंच. मंदाताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मग त्यांना म्हणाल्या, "रामअवध भैया, बैठाना हो तो बैठा लीजिए। बस एक बार मेरे साथ स्कूल चलिए। देख तो लीजिए, किस जगह से छुड़ा रहे हैं।"

ते आले. इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून. कार्यालयाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ती देवळासारखी जागा वाटली असावी, नाहीतर कचेरीसारखी. मंदाताईंनीही मग आपल्या चपला त्यांच्या शेजारी काढून ठेवल्या. आम्ही त्यांना जिने चढवले, व्हरांडे फिरवले. पूनम मागून खाली मान घालून येत होती. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दारंच दारं, आणि मधल्या सुट्टीच्या मुलींचा लोंढा त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होता. ते भिंतीला चिकटून उभे राहिले. लोंढा ओसरल्यावर मुलीकडे वळून म्हणाले, "हमको भी समझ में नहीं आता, बिटिया।" पूनम तिथेच रडायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढे त्यांनीच तिची वर्गखोली शोधून काढली, दारोदार विचारत, प्रत्येक ठिकाणी हात जोडून.

पूनम परत आली, पण त्या वर्षी नापास झाली. इतकं बुडालं होतं की ते भरून निघणार नव्हतंच. मंदाताई वर्षभर संध्याकाळी तिला शिकवत होत्या, तरीही. निकालाच्या दिवशी मला वाटलं आता संपलं, पण रामअवध स्वतः येऊन पुन्हा नववीत नाव घालून गेले. गेल्या वर्षी ती हायस्कूल पास झाली आणि आता बारावीत गणित घेऊन शिकते आहे. मी कुणाला हे सांगते तेव्हा लोक मंदाताईंचं कौतुक करतात. त्यांना स्वतःला त्यात कौतुकाचं काही दिसत नसे. त्याच वर्षी रेखा आणि तरन्नुम या त्यांच्याच शाळेतल्या दोन मुली गळाल्या होत्या. त्यांच्या घरीही ताई गेल्या होत्या, पुन्हा पुन्हा गेल्या होत्या. दोघींची लग्नं झाली. पूनमचा विषय निघाला की ताई त्या दोघींची नावं घेत.

मात्र तेव्हापासून त्यांनी एक सुरू केलं. प्रवेशाच्या दिवसांत एका रविवारी, शाळा रिकामी असताना, त्या आठवीच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना आमच्या कॉलेजात घेऊन येत. आमच्या प्राचार्यांनी परवानगी नाखुशीनंच दिली. ताई बायकांना नळ दाखवत, स्वच्छतागृह दाखवत, कुठल्या खिडकीपाशी काय विचारायचं ते दाखवत. मग एका वर्गात सगळ्यांना बाकांवर बसवत आणि प्रत्येक आईकडून एक वाक्य मोठ्यानं म्हणवून घेत, "मेरी बेटी नौवीं में है, मुझे उसकी टीचर से मिलना है।" बायका पदर तोंडाला लावून हसत. कुणाचा आवाजच फुटत नसे. ताई म्हणत, "और ज़ोर से। ये लोग ऊँचा सुनते हैं।" आणि माझ्याकडे बोट दाखवत, जणू मीच बहिरी.

शेवटच्या दोन वर्षांत त्या फार थकल्या होत्या. निवृत्त होऊनही गल्ल्या सुटल्या नव्हत्या. जिना चढताना मध्ये बसत. डॉक्टरांनी फिरणं कमी करायला सांगितलं होतं. मी एकदा जरा चिडूनच म्हटलं, "ताई, किती वर्षं हेच करणार? दरवर्षी नवी आठवी येते, दरवर्षी सगळं पहिल्यापासून." त्या म्हणाल्या, "मलाही कंटाळा येतो गं. खरंच येतो. पण ती पोर तर पहिल्यांदाच नववीत जात असते ना..." एवढं बोलून त्या डोळे मिटून पडून राहिल्या. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी निघाले, तर मागून आवाज आला, "रविवारचं प्राचार्यांना विचारून ठेव."

या वर्षीचा तो रविवार झाला नाही. त्याच्या आधीच त्या गेल्या, आणि नंतर माझ्यात ते करण्याचं त्राण नव्हतं. शाळेत प्रवेश चालूच होते. मुली येत होत्या, मी सह्या करत होते.

परवा संध्याकाळी श्रीधरभाऊंना भेटायला गेले. खिडकीखाली ताईंचा लाकडी तखत होता, त्यावर त्या बसत ती सतरंजी तशीच अंथरलेली. तखताच्या एका कडेला एक बाई बसली होती, शेजारी तिची मुलगी. दोघींच्या हातात चहाचे कप. श्रीधरभाऊ मला आत बोलावून हळूच म्हणाले, "रोज कुणी ना कुणी येतं, नववीचं विचारायला. मी सांगितलं, ताई गेली. म्हणाल्या, माहीत आहे. तरी बसल्या. मी काय करणार, चहा देतो..."

मी परत बाहेरच्या खोलीत आले. दिवसभराच्या उन्हानं डोकं ठणकत होतं. बाई मला पाहून उठायला लागली. मी तिला म्हटलं, "आज मुझसे कुछ नहीं होगा, बहुत थक गई हूँ।" तिनं मान हलवली. "कोई बात नहीं बहिनजी," ती म्हणाली, "हम थोड़ी देर बैठें?" आणि तखतावर जरा सरकून तिनं माझ्यासाठी जागा केली. मी बसले. श्रीधरभाऊंनी आणखी एक कप आणला. बाहेर उजेड उतरत होता आणि मुलगी चहा फुंकून पीत होती.