सासूबाईंची खुर्ची

चूक माझीच. समुद्रसफरीचा तो बोर्डगेम कसबा पेठेत सासूबाईंच्या टेबलावर पहिल्यांदा मांडताना मी ऐटीत सांगितलं होतं, की यात फासा नाही, नशीब नाही, सगळा डोक्याचा कारभार आहे. त्यामुळे पहिल्याच डावात हरलो तेव्हा नशिबावर ढकलायचीही सोय उरली नाही.

खेळ सोपा आहे हो. प्रत्येकाला चार लाकडी खलाशी. पटावर लाकूड, दोरखंड, गोडं पाणी अशा जागा, आणि एका जागेवर एकाचाच खलाशी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसा आळीपाळीने खलाशी टाकून जागा धरायची. सामान जमलं की जहाज सोडायचं, नवी बेटं शोधायची. ज्याची बेटं जास्त, तो जिंकला.

मला पाणी हवं असलं की सासूबाईंचा खलाशी नेमका पाण्यावर. मंडईत शेजारणीचा हात पोचायच्या आत मेथीची चांगली जुडी उचलणाऱ्या बाई त्या, त्यांना जागा धरायला कोण शिकवणार!

मग मी न्यायाचं बोलू लागलो. पहिली खेळी नेहमी त्यांचीच का? बरं म्हणाल्या, यापुढे तुमची. तरी हरलो. बेटं त्यांच्या बाजूला जवळ पडतात, म्हणालो. त्यांनी पट फिरवला. तरी हरलोच. एकदा थालीपीठ वाढता वाढता त्यांनी विचारलं, एक खलाशी जास्त घेता का? मला झोंबलं.

"मी काय लिंबूटिंबू आहे?"

बायको पाणी प्यायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

अहो, खडकीच्या क्वार्टर्समध्ये कॅरमला माझं नाव होतं. आणि इथे बायकोदेखत दर रविवारी सासूकडून हार? खोट खेळातच असणार, आणि ती मला दाखवून द्यायचीच होती.

मागच्या रविवारी अर्ध्या डावात त्यांची तीन बेटं झाली, माझं एकही नाही. मी सांगून टाकलं की हा खेळच समतोल नाही, त्या खुर्चीत जो बसेल तो जिंकेल.

सासूबाईंनी चष्मा वर केला. "असं? मग या जावईबापू, इकडे बसा. मी तुमच्या जागी बसते. सामान जिथल्या तिथे राहू दे."

बसलो. काय सांगू, दोन जहाजं, तीन बेटं, लाकडाचा ढीग! ददातच मिटली. फक्त दोरखंड तेवढा नव्हता. पहिली खेळी माझीच होती, पण एवढी श्रीमंती असताना घाई कशाला, म्हणून आधी आणखी लाकूड घेतलं. सासूबाईंनी दोरखंडाची जागा धरली. पुढच्या फेरीत मी पाण्याकडे वळलो, त्या पुन्हा दोरखंडावर. माझी जहाजं बंदरातच बांधलेली राहिली. त्यांच्याकडे मात्र मीच जमवून ठेवलेला दोरखंड भरपूर होता.

"एवढा कशासाठी ठेवला होतात?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. ते मलाही आठवेना.

त्यांची चार बेटं झाली. माझी, म्हणजे त्यांचीच, तीन.

"खेळ चांगला आहे हो," पट आवरताना त्या म्हणाल्या. "कुठेही बसा, काही फरक पडत नाही."

काल गेलो तर पट मांडून तयार होता. माझ्या खुर्चीसमोर पाच खलाशी. सासूबाई ओट्याशी काहीतरी परतत होत्या, वळूनही पाहिलं नाही. बायकोने खलाशी मोजले आणि खिडकीबाहेर बघत बसली. अपमान वाटला का? चांगलाच वाटला. मी पाचही खलाशी जवळ ओढले आणि पहिला दोरखंडावर टाकला.