गावदेवीचा सोमवार

बरेच गुन्हे विसरलो, पण खर्डीजवळच्या मोडलेल्या हाताचा तपास विसरता येत नाही. त्याचं श्रेय ताईंचं, आणि ताई आता नाहीत, म्हणून हे लिहितो.

नव्वदच्या दशकात मी शहापूर तालुक्यात फौजदार होतो. ताई पंचायत समितीच्या सदस्या. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध त्या पाड्यापाड्यांवर सभा घ्यायच्या. त्यांचा फोन आला की ठाण्यात सगळ्यांची धावपळ उडायची.

"साहेब, सरकारी दवाखान्यात या. एका पोरीचा हात मोडलाय. नवरा घरी न्यायला रिक्षा घेऊन उभा हाय. आज गेली तर पुन्हा बोलायची नाय."

मी पोचलो. नवऱ्याला बाहेर काढून जबाब घेतला, तरी पोर एकच म्हणे, "बांधावरून पडले." तिची तक्रार नाही, साक्षीदार नाही, मी कुणाला अडवणार?

नवऱ्याने मात्र भावकीतले दोघे साक्षीला आणले होते. दोघांचे शब्द सारखे: "सोमवारी आवणी चालू होती. आमच्या डोळ्यांदेखत पडली." पढवलेला साक्षीदार असाच बोलतो. पण पढवलंय हे सिद्ध कसं करायचं?

ताई बाकावर बसून ऐकत होत्या. "सोमवारी तुमी शेतात उतरलात?" त्यांनी विचारलं.

दोघांचे चेहरे उतरले. आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत त्यांच्या गावात सोमवार गावदेवीचा. कुणी शेतात पाय ठेवत नाही. त्याला शेत पाळणं म्हणतात. पाळणूक मोडली आणि पिकावर रोग पडला, तर गाव त्या माणसाला सोडत नाही. पोर दवाखान्यात दाखल झाली सोमवारीच, त्यामुळे वारही बदलता येईना.

"नाय नाय! आमी घरीच होतो," एकजण घाईने म्हणाला.

"मग पाहिलंत काय?" मी विचारलं.

"आवाज आयकला. मारल्याचा." मग हात जोडून म्हणाला, "कायपण लिवा साहेब, पण शेतात होतो असा लिवू नका."

मला हसू आलं आणि संतापही आला. पोलिसांपुढे खोटं चालत होतं, देवीपुढे नाही.

ताई पोरीजवळ गेल्या. "आयकलंस ना गो? आता तू एकटी नाय."

पोर रडली, मग बोलली. नवऱ्याने मुसळाने मारलं होतं. मी तिथेच फिर्याद लिहून घेतली, नवऱ्याला अटक केली. पोर मुरबाडकडे माहेरी गेली.

दारातून निघताना ताईंनी त्या दोघांना विचारलं, "जमिनीला आठवड्यातून एक दिवस सोडता. हिला कवा सोडलात?"

माणूस कशापुढे खोटं बोलणार नाही, ते शोधायचं. तपासातलं हे मी ताईंकडून शिकलो.

काही वर्षांनी ताई गेल्या, तेव्हाही आवणीचे दिवस होते. अंत्ययात्रेत ती पोर भेटली. आता बाईच झाली होती, बरोबर पाड्यावरच्या बायका. मी विचारलं, "आवणी टाकून आलात?"

"आज ताईसाठी शेत पाळलाय, साहेब."

तो बुधवार होता. परतताना वाटेवरची खाचरं पाण्याने भरलेली दिसली. रोपांच्या जुड्या बांधावर तशाच पडल्या होत्या आणि शेतात कुणीही उतरलं नव्हतं.