बगूदेमामाची फुगलेली नस

मामाला कुणी रामराम घातला, तरी तो आधी त्या माणसाच्या हातांकडे बघायचा. रिकामे दिसले तरच उलट रामराम. गावात कुणी पेढे वाटले तर कशाचे, हे विचारल्याशिवाय तो तोंडात टाकायचा नाही, आणि उत्तर मिळालं तरी पेढा मोडून बघायचा. "बगू दे आदी" हे त्याचं वाक्य दिवसातून इतक्यांदा कानावर पडायचं, की वैशाखऱ्याच्या आसपासच्या पाड्यांत त्याला बगूदे याच नावानं ओळखत. माझ्या आईचा तो चुलतभाऊ, म्हणून आमचा तो बगूदेमामा.

मी शहापूरला औषधांचं दुकान चालवायचो. मामा वैशाखऱ्याहून मुरबाडला आणि तिथून शहापूरला, अशा दोन एसट्या बदलून यायचा. एवढ्या लांब येऊन घ्यायचा काय, तर पाठदुखीची गोळी. तीही उजेडात धरायची, हुंगायची, मग विचारायचं, "तू खाल्लीस कदी?" मी हो म्हटलं, की म्हणायचा, "तुज्यासमोर खातो. काय झालं तर तू हायस." घरच्या भाच्यावर हा विश्वास, तर बाकीच्यांची काय कथा!

या संशयाचा त्याला म्हसा गावच्या जत्रेत मात्र मान होता. तिथल्या बाजारात बैल घ्यायचा, तर लोक मामाला बरोबर नेत. तो दात बघायचा, खूर उचलायचा, मागे जाऊन बैल नीट खच्ची केलाय की नाही हे हातानं चाचपायचा. त्याचा एक नियम होता. बैल घ्यायला जाताना गेल्या वर्षी फसलेला माणूस सोबत घ्यायचाच. "शाना मानूस बैलाकडं बगतो. फसलेला इकनाऱ्याकडं बगतो," असं तो सांगायचा.

त्याच्या घरातही असा एक फसलेला माणूस होता. त्याचा मोठा भाऊ, दादा. मामा लहान असताना सरकारी शिबिरांची जबरदस्ती चालली होती, तेव्हा दादाला बाजारातून उचलून ट्रकमध्ये घातलं आणि नसबंदी करून संध्याकाळी परत आणून सोडलं. दादाचं लग्न ठरलेलं होतं. ते मोडलं. पुन्हा कुणी मुलगी दिली नाही. दादा शेती बघत राहिला आणि त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. मामाला डॉक्टर म्हटलं की तो ट्रकच दिसायचा. मामाच्या स्वभावाला आम्ही हसायचो, पण मुळाशी हे होतं आणि ते हसण्यासारखं मुळीच नव्हतं.

मामाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. दोष अर्थातच मामीचा. तिला भगताकडे नेलं, झाडपाला पाजला, उपास करवले, मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंकडून दोनदा तपासून आणलं. बाई म्हणाल्या, हिच्यात काही खोट नाही. मामा म्हणाला, बाई नीट बघत नाहीत. साऱ्या दुनियेला चाचपणारा हा गृहस्थ, पण स्वतःला तपासावं हे काही त्याच्या मनात येईना. शेवटी त्याच्या आईनं म्हशाकडची एक मुलगी बघून ठेवली. भातकापणी झाली की दुसरी आणायची, असं घरात ठरलं.

ते कळल्यावर मामी एकटीच माझ्या दुकानात आली. ती कधी एकटी आलेली मला आठवत नव्हती. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिली, मग पदराचं टोक पिळत म्हणाली, "त्यांना दुकतं रे. पाटीत नाय. खाली, डाव्या अंगाला. दिवसभर भाताच्या आवनीत उबे राह्यले, भारे उचलले, का संद्याकाली चालवत नाय. आडवे झाले का बरं वाटतं. मला बोलले, कोनाला बोललीस तर याद राक." मग ती म्हणाली, "दुसरी आली, तर मी जाऊ कुटं?"

कल्याणचे एक सर्जन आठवड्यातून एकदा शहापुरात यायचे. मी मामाला पाठदुखीचे मोठे डॉक्टर आलेत असं सांगून बोलावून घेतलं. डॉक्टरांनी त्याला उभं केलं, तपासलं आणि म्हणाले, "आता जोरात खोका." मामा खोकायच्या आधी म्हणाला, "कनाला?" शेवटी एकदाचा खोकला. डॉक्टरांनी त्याला आडवं करून पुन्हा बघितलं आणि सगळं शांतपणे समजावून सांगितलं. वृषणातून रक्त वर नेणाऱ्या शिरा असतात. त्यांत बारीक झडपा असतात, त्या रक्ताला उलटं येऊ देत नाहीत. झडपा ढिल्या पडल्या, की रक्त खाली साठतं, शिरा फुगतात आणि हाताला गांडुळांच्या गुंत्यासारख्या लागतात. बहुतेकांना हे डावीकडेच होतं. कित्येकांना काही त्रास नसतो, मुलंही होतात. पण काहींच्या बाबतीत तिथली उष्णता वाढते आणि वीर्यातले जंतू कमी पडतात, मंदावतात.

मामानं टेबलावर बोटानं बांधासारखी रेघ ओढली. मग म्हणाला, "म्हंजे वरच्या खाचराचा बांध फुटला, आन् पानी खालच्यात येऊन बसलं."

"अगदी बरोबर," डॉक्टर खूश झाले.

"पन आडवा झालो का जातं. मग रोग कसला?"

डॉक्टरांनी वीर्याची तपासणी करायला सांगितली. त्या प्रकरणाचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो, की बाटली आपलीच आहे हे ओळखता यावं म्हणून मामानं तिला घरून आणलेला काळा दोरा बांधला होता, आणि तरीही "बदलली नाय ना?" हे लॅबमधल्या मुलीला विचारून तिला रडकुंडीला आणलं. जंतू फार कमी निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून फुगलेल्या शिरा बांधता येतील, त्यानं दुखणं थांबेल, मूल होण्याची शक्यता वाढेल, पण खात्री देत नाही.

ऑपरेशन हा शब्द ऐकला आणि मामा उठून चालू लागला. गावी जाऊन त्यानं पारावर बसून जाहीर केलं, की शहरातले डॉक्टर आता नवं सोंग घेऊन कापायला लागलेत, नस फुगली म्हणतात आणि दादासारखं करून सोडतात. दिसेल त्याला हेच. पावसाळाभर त्यानं हे इतकं सांगितलं, की गावाला ते पाठ झालं.

भात पिवळं पडायला लागलं, तशी मामीनं आपली ट्रंक भरायला घेतली. ती भांडली नाही, रडली नाही, नुसती लुगडी घड्या करून ठेवत होती. मामा ते दारातून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात हजर, आणि मागे दादा! म्हशाच्या बाजाराचा नियम त्यानं इथेही लावला होता. डॉक्टरांसमोर तो म्हणाला, "ह्याला कुटं कापला ते आदी बगा. मग मला कुटं कापनार ते बोटानं दाकवा. बोट तिथंच लागलं, तर आमी चाललो."

डॉक्टर चिडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी दोघांनाही आत नेलं आणि जांघेच्या वर बोट ठेवून दाखवलं. नसबंदीत वीर्याची नळी कापतात, इथे तिला हातही लावायचा नाही, फक्त शिरा बांधायच्या. दादा बाहेर आला आणि मामाला एवढंच म्हणाला, "येगलं हाय. करून घे." कल्याणला ऑपरेशन होईपर्यंत दादा दाराशी उभा होता. नर्सनं बसा म्हटलं, तरी बसला नाही.

दुखणं गेलं. पुढच्या तपासणीत जंतूही वाढलेले दिसले. दुसरीचा विषय मामानंच बंद केला. नंतरच्या वर्षी मामीला दिवस गेले, आणि मग गाव बोलू लागलं. बोलणारच. कापतात, फसवतात, दादासारखं करतात हे मामानंच पारावर बसून शिकवलं होतं. मग आता पोर कुणाचं?

मामी पाण्याला जायची बंद झाली, हे मला आईकडून कळलं. आणि एके दिवशी मामा दुकानात येऊन बसला. हा माणूस पेढा मोडून बघणारा. त्याच्या मनात एवढीशी शंका आली असती, तरी मामीचं सगळं संपलं असतं. मी भीत भीत विचारलं, "मामा, तुला काही वाटतं का?"

"कशाचं?"

"मामीबद्दल."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खुळा झालोय. "माजा जगावर संशय हाय रे. ती काय जगात मोडते?"

मी म्हटलं, डॉक्टरांचा कागद घेऊन मी गावात येतो, सगळ्यांना समजावतो. तर म्हणाला, "तू माजा भाचा. तुज्यावर कोन इश्वास ठेवनार? मी तरी ठेवला असता का?"

मुलगी झाली. बारशाला अंगण भरलं होतं, जेवायला न चुकता सगळे आले होते. पाळण्यात वाकून भावकीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "कोनावर गेली गो ही?" कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. मामीनं मान खाली घातली.

मामा उठला, अंगणाच्या मध्यावर आला आणि सरळ लेंग्याची नाडी सोडली. एका हातानं लेंगा धरून, दुसऱ्यानं एका बाजूनं खाली ओढून त्यानं जांघेवरचा व्रण उघडा केला. "बगा. नीट बगा. हे वर हाय. शिरा बांदल्यात, बाकी काय कापलेलं नाय. पारावर मी बोल्लो ते खोटं. मला समजत नव्हतं. तिला कनाला बोलता? मला बोला."

बायकांनी माना फिरवल्या. म्हातारी पुटपुटत मागे सरकली. तेवढ्यात ओटीवरून दादा बोलला, त्या दिवसाबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "माजा खाली हाय. तो मला ट्रकात घालून केला. ज्याला ताडून बगायचं त्यानं गोट्यात या, इथं पोरीबाली हायत."

गोठ्याकडे कुणी गेलं नाही. नंतर मामीनं पोर उचललं आणि दादाच्या मांडीवर ठेवलं.

त्यानंतर आडून आडून बरेच पुरुष माझ्या दुकानात यायला लागले. डाव्या अंगाला दुखतं, मामानं पाठवलं, असं हळू आवाजात सांगायचे. कुणाचं अंतर्गळ, म्हणजे हर्निया, निघायचं, कुणाचं हेच, कुणाचं काहीच नाही. मामा मात्र शेवटपर्यंत माझी गोळी हुंगूनच घ्यायचा.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला मी मामीजवळ बसलो होतो. लोक त्याच्या संशयाचे किस्से सांगत होते, हसत होते, तीही हसत होती. लोक उठून गेल्यावर ती म्हणाली, "वांज बोल्ले, तवा मी रडले नाय. दुसरी आननार बोल्ले, तवाबी नाय. त्या बारशाला आत जाऊन रडले. माज्यापायी चारचौगांत नाडी सोडली रे त्यांनी. तू हसू नको."

मी हसलो नाही.