सागवानामागची यंत्रं

महाडात माझं इंटिरियरचं लहानसं ऑफिस आहे. पुण्याहून शिकून परत आले तेव्हा माझ्याकडे यायची ती दुकानांच्या काउंटरची आणि लग्न ठरलेल्या घरांतल्या कपाटांची कामं. त्यामुळे वरंधच्या बाजूला डोंगरउतारावर बांधलेल्या मोठ्या बंगल्याचं काम आलं तेव्हा मी हरखून गेले. मालक म्हणजे मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेलं जोडपं. काकांचं मूळ गाव तिथलंच. मुलगा परदेशी, आणि घरात जे जे आपोआप होऊ शकतं ते सगळं त्यानं घ्यायला लावलेलं. माणूस आला की लागणारे दिवे, सांगितलं की सरकणारे पडदे, प्रत्येक खोलीत गाणं.

पहिल्याच भेटीत काकूंनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ, यातलं एकही यंत्र मला दिसता कामा नये. लुकलुकणारा दिवा तर घरात कुठेच नको."

"टीव्हीचा बारीक लाल दिवासुद्धा?"

"तोसुद्धा."

मला वाटलं, हौस असेल. श्रीमंत घरांत हल्ली असंच मागतात, सगळं हवं पण दिसायला नको. का ते विचारलं नाही, कारण मला त्या कामाचंच कुतूहल वाटत होतं. एखादी वस्तू भिंतीत पुरली तर तिला ऐकू कसं येणार, तापली तर ती श्वास कुठून घेणार?

माझे सुतार म्हणजे पोलादपूरचे एक जुने कारागीर. त्यांनी सामानाची खोकी उघडून बघितली आणि म्हणाले, "ताई, लपवायचाच हाय तर घेतला कशाला?"

पण कामाला लागल्यावर त्यांनाही तोच नाद लागला. स्पीकर भिंतीत बसवून वर गिलाव्याचा पातळ हात दिला आणि गाणं लावलं, तर भिंतच गायला लागली. सुतार भिंतीला कान लावून किती तरी वेळ उभे होते. दिव्यांची बटणं सागवानी फळीमागे घ्यायची होती. वरून बोट टेकवलं की आतल्या सेन्सरला कळलं पाहिजे. फळी जाड राहिली तर काहीच होईना. मग ते मागून पटाशीनं थोडं थोडं लाकूड काढायचे, मी पुढून बोट लावून बघायची. "लागला?" "नाही." "आता?" असं करत एकदम दिवा लागला तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो. सगळ्या घराचा कारभार चालवणारी मुख्य पेटी जिन्याखाली गेली. तिच्यावर वेताच्या विणीचं दार लावलं, म्हणजे हवा खेळेल आणि आतलं दिसणार नाही.

काका-काकू राहायला आले. काकांचा सगळा जन्म कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला. ते बोटांच्या पेरांनी भिंती वाजवत घरभर फिरताना दिसले, तेव्हा काकूंनी मला हे सांगितलं.

"पोरी, माइक कुठं ठेवलायस?"

"काका, काकूंनी सांगू नको म्हटलंय."

"का?"

"तुम्ही उघडून बसाल म्हणून."

ते हसले, पण थांबले नाहीत. मी लहानसहान दुरुस्तीला गेले की नवा शोध ऐकवत. झोपाळ्याच्या कडीशेजारच्या लाकडी फुलात माणूस ओळखणारा सेन्सर आहे, हे त्यांनी फुलावर रुमाल टाकून शोधलं. जेवणघरातला स्पीकर त्यांना तळहातानं सापडला. गाणं चालू असताना भिंत थरथरते म्हणाले. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. इतक्या मेहनतीनं लपवलेलं कुणीतरी इतक्या आवडीनं शोधतंय!

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. "लगेच ये. पडदे बंद होत नाहीत, गाणं थांबत नाही आणि हे काही ऐकत नाहीत."

मी पोचले तर वेताचं दार उचकटून भिंतीला टेकवलेलं. काका जिन्यापुढे फरशीवर बसलेले, अंगाभोवती वायरी, चेहरा लहान मुलासारखा उजळलेला. आतल्या पेटीवर हिरवे दिवे ओळीनं लुकलुकत होते.

काकू स्वयंपाकघरात होत्या. ओट्याकडे तोंड करून नुसत्याच उभ्या. मी जवळ गेले तशा म्हणाल्या, "हे आजारी होते तेव्हा आयसीयूत यांच्या उशाशी असेच दिवे होते. यांना शुद्ध नव्हती. डॉक्टर काही नीट सांगेनात, म्हणून मी त्या दिव्यांकडेच बघत बसायचे. एखादा लाल झाला की माझा जीव अर्धा व्हायचा. अजून तसला दिवा दिसला की मी तिथून उठून जाते."

"मला कधी बोलली नाहीस," काका म्हणाले. ते दारात येऊन उभे होते, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"काय बोलायचं होतं त्यात?"

ते जिन्याकडे गेले. हत्यारांच्या डब्यातून काळी चिकटपट्टी काढून त्यांनी एकेक दिवा झाकला. मग पुन्हा आले आणि म्हणाले, "एक वायर आपल्या पलंगाकडे जाते. ती कशाची?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ते सांगणं त्यांचंच होतं, आणि शेवटी त्यांनीच सांगितलं. काकांच्या बाजूच्या गादीखाली फळीला खाच पाडून आम्ही एक पातळ पट्टी बसवली होती. काका पलंगावरून उठले की काकूंचा फोन थरथरतो.

"म्हणजे मी उठलो की तुला कळतं?"

"कळतं."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालोच असतो." ते खुर्चीत बसले. रागावलेत की दुखावलेत, मला कळेना. काकूंनी चहा ठेवला. चहा अर्धा संपल्यावर काका म्हणाले, "मग तुझ्या बाजूलाही एक हवी. आणि ती माझ्या फोनला जोडायची."

"मला काय झालंय?"

"मला तरी आत्ता कुठं काय झालंय?"

काकूंनी कप खाली ठेवला. मग मला म्हणाल्या, "बसव. आणि त्या जिन्याखालच्या दाराला बिजागऱ्या लाव, म्हणजे यांना दर वेळी तोडावं लागणार नाही. फक्त चिकटपट्टी काढायची नाही."

पुढच्या आठवड्यात मी सुतारांना घेऊन गेले. खाच पाडताना काका शेजारी उकिडवे बसून बघत होते, मधेच पटाशी मागून त्यांनी स्वतःही थोडं लाकूड काढलं. पट्टी बसली, गादी घातली. तपासून बघायचं म्हणून काकूंना आडवं व्हायला सांगितलं. भर दुपारी परक्या माणसांसमोर पलंगावर निजायचं म्हणून त्या लाजून हसत होत्या. काका फोन घेऊन मुद्दाम ओटीवर जाऊन बसले.

"ऊठ आता," ते तिकडून ओरडले.

काकू उठून सवयीनं खिडकीशी गेल्या. आम्ही सगळे ओटीकडे कान लावून उभे. सुतारांनी हळूच विचारलं, "नाय चालत काय?"

तेवढ्यात ओटीवरून आवाज आला, "उठली! खिडकीत उभी असशील, माहितीय मला."

"ते कसं कळलं तुम्हाला?" काकूंनी विचारलं, आणि मग त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या.